चार वाजताचं खाणं

१

माझ्या हाताखाली आजवर एकही समुद्रफूल मेलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की बाईचं टाकीकडे लक्ष नव्हतं. लक्ष होतं. जरा जास्तच होतं, असं ताई म्हणायची.

समुद्रफूल हे नुसतं नावाचं फूल. आहे तो प्राणी. खडकाला एकच पाय रोवून बसतो, वर शंभरेक मऊ बोटं पसरतो, आणि त्या बोटांच्या मधोमध त्याचं तोंड. डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदू नाही. भूक मात्र आहे, आणि नखरे आहेत. पाण्यातलं मीठ जरा इकडचं तिकडे झालं की आतल्या आत विरघळतो आणि जाता जाता सगळी टाकी नासवून जातो. भलेभले शौकीन त्याच्यापुढे हात टेकतात. मी टेकले नाहीत.

मी सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. निवृत्तीनंतर एका छोट्या हॉस्पिटलात हत्यारं निर्जंतुक करण्याचा विभाग सांभाळते, नऊ ते पाच. घरी मी आणि ताई. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, त्याला आता आठ वर्षं झाली. कान मात्र असे, की जिन्यातल्या पावलांवरून सांगेल, कोण आलंय आणि भांडून आलंय की कसं.

घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली आणि ताईची खोली यांच्यामधली अर्धी भिंत काढून तिथे मी पाच फुटांची टाकी बसवली. दोन्हीकडून दिसते. झाकण उघडतं ताईच्या बाजूला, म्हणून तिकडे एक लाकडी बाक ठेवलंय. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला मी त्या बाकावर बसते आणि लांब चिमट्यानं एकेका फुलाला कोळंबीचा नखाएवढा तुकडा भरवते. आठवड्यातून दोनदाच. जास्त घातलं की पाणी बिघडतं. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

"तुझ्या त्या फुलांना वेळेवर जेवण," ताई म्हणायची, "आणि मला वेळेवर चहा. दोघांनाही तोंड आहे, पण बोलतं एकटं माझंच. म्हणून मी वाईट."

मी हसायचे आणि झाकण लावायचे. दोन आवाज होतात त्याचे, आधी डावा कोपरा, मग उजवा.

२

समुद्रफुलांची पैदास करायची तर त्यांना चिरावं लागतं. धारदार पात्यानं, बरोबर तोंडातून, एका घावात. हात थरथरला किंवा घाव तिरका गेला की दोन्ही तुकडे सडतात. सरळ गेला तर प्रत्येक अर्धुक स्वतःभोवती गुंडाळून घेतं, आठ-दहा दिवसांत त्याला मधोमध नवं तोंड फुटतं, आणि मग ते हात पसरून खायला मागतं.

एका रविवारी सकाळी मी थोरलीला चिरलं. थोरली म्हणजे माझं पहिलं फूल, गर्द लाल, बोटांची टोकं फुगीर, जेवणाच्या ताटाएवढं. ताई शेजारी बसून ऐकत होती.

"दुखतं का गं तिला?"

"मेंदूच नाही. दुखणार कुठे?"

"माझ्या एका साहेबांनाही नव्हता. पण पगारवाढ अडली की दुखायचं त्यांना."

मी पातं टेकवलं आणि एकदाच ओढलं. आवाजसुद्धा झाला नाही. तळात दोन लाल अर्धुकं आक्रसून पडली.

"झालं?"

"झालं."

"मग आता थोरली कुठली?"

खरंच, कुठली? "दोन्ही," मी म्हटलं.

"असं कसं? एक कुणीतरी आधीची असेलच की."

"नसते, ताई. दोन्ही आधीच्याच."

तिनं मान टाकीकडे वळवली. मग म्हणाली, "बिचारी."

दहाव्या दिवशी दोन्हींना तोंडं फुटली. ती माझी एकविसावी चिरफाड, आणि एकविसावं यश. खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे खारटकाका म्हणतात. गेली वीस वर्षं ते मीठच विकतायत. माझी पिल्लं ते दुकानात दर्शनी टाकीत ठेवतात आणि काचेवर चिठ्ठी लावतात, 'सिस्टरची'. बस्स, एवढंच. गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं. ती चिठ्ठी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून पुन्हा एकदा वाचली.

३

पुढच्या गुरुवारी सहाला मी बाकावर बसले. कोळंबी कापून वाटीत घेतली होती. थोरलीच्या पहिल्या अर्धुकाला तुकडा लावला. तिनं घेतला नाही. बोटं मिटलेली, अंग फुगलेलं, तोंड घट्ट बंद. दुसरीचंही तेच. टाकीत एकूण सतरा फुलं होती आणि सतराही जेवून सुस्तावल्यासारखी बसली होती.

"आता पुन्हा कशाला?" ताई खुर्चीतून म्हणाली. "मघाशी घातलंस की."

"मघाशी कधी?"

"चारला."

"ताई, मी आत्ता आलेय. चारला मी हॉस्पिटलात होते."

"बरं," ताई म्हणाली. तिचं हे 'बरं' मला ठाऊक आहे. एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाईक चुकीचा नंबर सांगून वर तोच बरोबर म्हणून भांडायचं, तेव्हा ती असंच 'बरं' म्हणत असणार.

माझ्या मनात आलं ते सरळ होतं. ताईनंच चाचपडत काहीतरी टाकलं असेल. मी तसं विचारलं, आणि ती चिडली.

"मी आंधळी आहे, खुळी नाही. त्या थंडगार लिबलिबीत पाण्यात मी कशाला हात घालू?"

मी फ्रीज उघडला. सोमवारीच मी कोळंबीची पाकिटं भरून ठेवली होती. आत्ता उघडलेलं एक सोडून सगळी जशीच्या तशी होती, चिकटपट्टीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर एक बुळबुळीत गोळी दिसली. फुलाला पचलं नाही की ते असं थुंकून टाकतं. मी ती नळीनं ओढून पांढऱ्या बशीत घेतली आणि सुईनं सोडवली. आत एक पातळ काप होता, फिकट, अर्धवट पारदर्शक. एका बाजूनं गुळगुळीत. दुसऱ्या बाजूवर बारीक बारीक रेघा, एकीत एक वळत गेलेल्या.

सव्वीस वर्षांत मी कातडी पुष्कळ पाहिली आहे. काय बघतेय हे मला कळायला हवं होतं. मी बशी खिडकीशी नेली, चष्मा पुसला, आणि ठरवलं की हा माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा आहे. माकूळ मी कधी आणलं नव्हतं. तरी ठरवलं. बशी धुतली, तीनदा धुतली, आणि कामावर गेले.

४

त्यानंतरच्या दीड महिन्यात माझी फुलं अशी वाढली, की मी स्वतःच दारात उभी राहून बघत बसे. रंग आतून पेटल्यासारखे. सतराची सत्तावीस झाली, कारण काही आता न चिरताच आपोआप दुभंगत होती. संध्याकाळी सहाला ती खात नसत. मी भरवणं जवळजवळ सोडलं होतं. पाण्याची तपासणी दर दोन दिवसांनी करत होते. पाणी निर्मळ होतं. मीठ, उष्णता, सगळं जागच्या जागी. कागदावर माझी टाकी निर्दोष होती, म्हणून मी कागदाकडे बघत राहिले.

एका रविवारी सकाळी खारटकाका चार-पाच शौकिनांना घेऊन आले. त्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते. ते बाकाशी गुडघ्यावर बसले आणि दहा मिनिटं उठलेच नाहीत.

"सिस्टर, हे तुम्ही काय खाऊ घालता?"

"साधी कोळंबी. आठवड्यातून दोनदा," मी म्हटलं. सवयीनं म्हटलं.

"हाताला यश आहे बाईंच्या," खारटकाका म्हणाले. असं म्हणाले, जणू मला त्यांनीच घडवलंय. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. थिएटरमध्ये ऑपरेशन नीट झालं की सर्जनचं नाव व्हायचं. माझं नाव कुणी घेतलं नव्हतं कधी.

तेवढ्यात ताई म्हणाली, "डावीकडून तिसरी बघितलीत का? ती जांभळट. परवाच खडकामागे सरकलीय ती, लाजते जरा. आणि खालची हिरवी, तिला दोन तोंडं फुटतायत."

सगळे वाकून बघू लागले. जांभळट फूल खडकामागे होतं. हिरव्याला दोन तोंडं फुटत होती. हे मीही पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला कसं हो कळतं?" सरांनी विचारलं.

"ही सांगते ना." ताईनं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "रोज दुपारी बसते माझ्याजवळ. एकेकीचं वर्णन करते. रंग तर असे सांगते की मला दिसतात. हात हातात घेऊन बसते."

मंडळी कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी हसले. दुसरं काय करणार?

ते गेल्यावर मी ताईसमोर उभी राहिले. "मी रोज दुपारी तुझ्याजवळ बसते?"

"बसतेस की."

"ताई, मी दुपारी घरी नसते."

ती खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिली. मग सावकाश म्हणाली, "सकाळी तू घाईत असतेस. माझी औषधं टेबलावर आपटतेस आणि जातेस. संध्याकाळी दमलेली असतेस, तुझं सगळं बोलणं त्या पाण्याशी. मी तक्रार करत नाहीये, ठमे. पण तू दुपारचीच बरी असतेस."

५

ठमी हे माझं लहानपणचं नाव. आता ते तिच्याखेरीज कुणी घेत नाही.

ताईचं वय झालंय, एकटेपणानं माणूस स्वतःशी बोलू लागतं, हे मी हॉस्पिटलात कितीदा पाहिलंय. डॉक्टरांची वेळ घ्यायची ठरवलं. जांभळट फुलाचं काय, ते मात्र ठरवता येईना. घराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी ताईच्या उशाखाली. दाराचं कुलूप मी बदलून घेतलं. दुपार तशीच चालू राहिली.

मंगळवारी हॉस्पिटलातलं वाफेचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला उद्या येणार होता, म्हणून मला तीनलाच सोडलं. बस लगेच मिळाली. इमारतीच्या लिफ्टमध्ये घड्याळ बघितलं तेव्हा चारला पाच कमी होते.

दाराबाहेरच ताईचं हसणं ऐकू आलं. खळखळून. मी ते कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. हसण्याच्या मधे मधे दुसरा एक आवाज होता, खालच्या पट्टीतला, न थांबता बोलणारा. शब्द कळत नव्हते. आवाज ओळखीचा वाटला, आणि कुणाचा ते मात्र लगेच लक्षात येईना. टेपवर स्वतःचा आवाज ऐकला की क्षणभर होतं ना, तसं.

मी किल्ली हळूच फिरवली. बाहेरच्या खोलीत पाऊल ठेवलं. समोर टाकी, दिवे लागलेले, आणि पाण्यातून पलीकडे ताईची खोली, निळसर, जराशी हलणारी. ताई खुर्चीत बसली होती. चेहरा वर, ओठांवर हसू. बाकावर कुणीतरी होतं. टाकीच्या वरच्या पट्टीमुळे खांद्यांच्या वरचं काही दिसत नव्हतं, आणि फुलांच्या गर्दीमुळे अंगही नीट दिसत नव्हतं. पांढरंसं काहीतरी. माझा कामावरचा झगा पांढराच आहे. तो या क्षणी माझ्या अंगावर होता.

वरून एक हात पाण्यात आला. चिमटा नव्हता. उघडा हात, मनगटापर्यंत. तो थोरलीकडे गेला, आणि थोरलीनं बोटं पसरली. एकटीनंच नव्हे, टाकीतल्या सगळ्यांनी पसरली, वाऱ्यावर शेत झुकतं तशी त्या हाताकडे झुकली. हातानं आपलं एक बोट थोरलीच्या तोंडाशी धरलं. तिनं ते घेतलं. मिटली. हात हलला नाही. तान्हं मूल अंगावर प्यायला लागलं की आई हलत नाही, तसा तो थांबला. मग सुटला आणि पुढच्या फुलाकडे गेला. मग त्याच्या पुढच्या.

बोटांच्या लांबीत काहीतरी चुकत होतं. पण पाण्यातून बघताना सगळ्याच लांब्या चुकतात.

माझ्या हातातली पर्स पडली. हात पाण्यातून वर गेला, घाई न करता. झाकण लागलं, आधी डावा कोपरा, मग उजवा.

मी धावत आतल्या दारातून ताईच्या खोलीत गेले. सहा पावलं असतील. ताई एकटी होती. बाक ओलं होतं, आणि बाकाखाली फरशीवर पाण्याचे थेंब होते. ते कुठेच जात नव्हते. दाराकडे नाही, खिडकीकडे नाही. नुसते बाकाखाली.

"मधेच कुठे उठून गेलीस?" ताई म्हणाली. तिचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. "बोल ना. हिरवीचं काय झालं पुढे?"

६

मी टाकी मोडायचं ठरवलं. शनिवारी सकाळी खारटकाकांना बोलावलं. ते चार बादल्या आणि पिशव्या घेऊन आले, टाकीसमोर उभे राहिले, आणि त्यांनी बादल्या खाली ठेवल्या.

"सगळी न्यायची?"

"सगळी."

"का हो सिस्टर?" ते हळू आवाजात म्हणाले, आजाऱ्याशी बोलावं तसं. "झेपेना का आता? वय होतं माणसाचं. मी कुणाला सांगणार नाही. म्हणेन, बाईंनी हौस म्हणून दिली."

झेपेना. मी त्या माणसाकडे बघितलं. ज्या हातानं एकवीस वेळा न चुकता घाव घातला, तो माझ्या बाजूला लोंबत होता, स्थिर. सांगावंसं वाटलं की झेपण्याचा प्रश्न नाही, दुपारी माझ्या घरात कुणीतरी येतं. पण ते सांगितलं असतं तर झेपेना असंच ठरलं असतं, आणि वर आणखी काहीतरी.

"मी गंमत केली," मी म्हटलं. "बघत होते, तुम्ही किती बादल्या आणता."

ते हसले, पण जाताना दारात एकदा मागे वळून पाहिलं. दुकानातल्या काचेवरची चिठ्ठी राहिली. मला ती राहायला हवी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जेवताना ताई म्हणाली, "बादल्यांचा आवाज ऐकला मी. देऊन टाकणार होतीस ना?"

"हो."

"मला विचारलं नाहीस."

मी थिएटरमध्ये शेकडो माणसांच्या उशाशी उभी राहिले, एकाचीही नाडी चुकवली नाही. आणि घरात एक माणूस आठ वर्षं अंधारात बसलं होतं, ते कुणाचा तरी हात हातात धरायला मिळावा म्हणून. तो हात कुणाचा आहे हे विचारायची मला भीती वाटत होती. पण माझा हात का नव्हता, हे विचारायचं मला धैर्यच नव्हतं.

७

सोमवारी मी रजा घेतली. ताईला सांगितलं नाही. नेहमीसारखी साडेआठला निघाले, बागेत बसले, आणि साडेतीनला घरी परतले. कोळंबी कापली, वाटीत घेतली, चिमटा उकळून घेतला. पावणेचारला मी बाकावर बसले. बाक कोरडं होतं. ऊन खिडकीतून ताईच्या पायांवर आलं होतं.

माझ्या घरात, माझ्या टाकीसमोर, माझ्या बहिणीजवळ मी बसले होते. जी कोणी येणार होती, तिनं यावं आणि मला उठवून दाखवावं. थिएटरमध्ये टेबलाजवळची माझी जागा मी कधी कुणाला दिली नव्हती.

"आज लवकर?" ताई म्हणाली.

"हो."

चार वाजत आले. मी बोलायला लागले. आधी शब्द सुचेनात. मग मी थोरलीचं सांगितलं, की तिचा लाल रंग कडेला काळपट होत जातो, निखारा विझताना होतो तसा. हिरवीला आता दोन तोंडं पुरती फुटलीयत आणि दोन्ही एकाच घासासाठी भांडतायत. ताई ऐकत होती. तिनं हात पुढे केला. मी माझा डावा हात तिच्या हातात दिला. किती वर्षांनी, कोण जाणे. तिची बोटं कोरडी आणि गरम होती. ती माझ्या तळहातावरून फिरली, मग एकेका बोटावरून, मुळापासून टोकापर्यंत, सावकाश. पाचही झाल्यावर ती थांबली.

"आज बोटं पूर्ण आहेत," ती म्हणाली.

मी हात ओढून घेतला नाही. ओढता आला नाही.

"म्हणजे तू सकाळची," ताई म्हणाली.

पंपाची घरघर चालू होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, पुन्हा पुन्हा.

"तुला कधीपासून माहितेय?"

"पहिल्या दिवसापासून. तीस वर्षं लाइनी जोडल्यात मी, ठमे. एकीच्या आवाजात दुसरी बोलतेय हे मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू तिला घालवली असतीस. तुला तुझ्या कामात दुसरं कुणी खपत नाही." माझा हात तिनं थोपटला. "वाईट नाहीये ती. तुझ्यासारखीच आहे. फक्त तिला वेळ आहे."

"ती काय खाऊ घालते त्यांना, माहितेय तुला?"

ताईचा चेहरा कसनुसा झाला. "मी म्हणते तिला, नको. ऐकत नाही. फुलं उपाशी राहिलेली तिला बघवत नाहीत. तुझी फ्रीजमधली पाकिटं तिला उघडता येत नसावीत. किंवा तुझ्या वस्तूंना ती हात लावत नसेल. मानी आहे."

घड्याळात चार वाजून गेले होते. मी टाकीकडे बघितलं. फुलं उघडली होती, सगळीच्या सगळी, आणि झुकली होती. माझ्याकडे नव्हे. माझ्या डाव्या खांद्यावरून, मागे.

"ताई," मी म्हटलं, "ती कुठे आहे?"

"तुझ्या मागे. केव्हाची उभी आहे. तू तिची जागा अडवलीयेस."

मानेला गार लागलं. समुद्राचा वास आला. टाकीचा नव्हे, खऱ्याखुऱ्या समुद्राचा, ओहोटीनंतरचा. माझ्या झग्याच्या खांद्यावर पाण्याचा एक थेंब पडला आणि कापडात पसरला. मी वळले नाही. वळून बघितलं असतं तर मला पळावं लागलं असतं, आणि मी आजवर कुठल्याही टेबलाजवळून पळाले नव्हते.

आणि दुसरंही एक मनात आलं. ते कबूल करायला मला जन्मभराचा अभिमान गिळावा लागतोय. ही सत्तावीस फुलं, हे पेटलेले रंग, सर जिच्यासमोर गुडघ्यावर बसले ती टाकी, हे माझं काम नव्हतं. ताईचं हसणंही माझं काम नव्हतं. जिचं होतं ती माझ्या मागे उभी होती, आणि सत्तावीस तोंडांना भरवून तिची बोटं किती उरली असतील याचा हिशेब मला करवत नव्हता.

मी बाकावर सरकले. उजवीकडे, एका माणसापुरती.

बराच वेळ काही झालं नाही. मग बाकाची फळी डाव्या बाजूला हळूच दबली. माझी डावी बाजू खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ओली झाली. ताईनं चेहरा तिकडे वळवला आणि पाहुणी नीट बसल्यावर यजमानीण हसते तशी हसली.

मी पाण्यात बघत राहिले. काचेत दोन पांढरे झगे उमटले होते. त्यांच्या वर मी बघितलं नाही.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं की तिनं हात पुढे केला. पाण्याकडे नव्हे. माझ्याकडे, तळवा वर करून. थिएटरमध्ये सर्जन असा हात पुढे करतात, न बघता, न मागता, आणि शेजारी उभी असलेली सिस्टर ओळखते, काय हवंय ते. सव्वीस वर्षं मी ओळखत आले. त्या हाताला कंप नव्हता.

मी वाटी आमच्या दोघींच्या मधे ठेवली आणि चिमटा तिच्या तळहातावर टेकवला, मूठ तिच्याकडे, टोक बाहेर, जसा द्यायचा असतो तसा.

तिनं बोटं मिटून तो धरला. होती तेवढ्या बोटांनी.